कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड इफेक्ट: हिरवं पांढरं करायच्या आधी

कुंडीतलं एक कोवळं पान, न्हाणीघरातला हिरवा प्लास्टिकचा मग आणि काळी छत्री. या तीन वस्तू खिडकीतल्या उन्हात शेजारी शेजारी ठेवा, कॅमेऱ्यात इन्फ्रारेड इफेक्ट (हिरवं पांढरं आणि आकाश काळं करणारी मेनूतली कृष्णधवल सोय) लावा आणि एक फोटो काढा. पान पांढुरकं येईल. मगही पांढुरका येईल. छत्री काळीच राहील.

ओळखीत कुणाकडे खऱ्या इन्फ्रारेडसाठी बदलून घेतलेला कॅमेरा असेल तर त्यालाही हाच फोटो काढायला सांगा. पान पांढरं येईलच. प्लास्टिकचा मग मात्र कसाही येईल, त्यात कुठला रंग घातलाय त्यावर. आणि छत्री? ती बहुतेक वेळा चक्क करडी येते, कारण कापडाला काळं करणारे बरेच रंग इन्फ्रारेडमध्ये काळे नसतातच.

मेनूतला इफेक्ट इन्फ्रारेड बघत नाही. त्याला हिरवं दिसलं की तो उजळवतो, निळं दिसलं की काळवंडवतो, मग ते हिरवं झाडाचं असो की मगाचं. हे एकदा डोक्यात बसलं की या इफेक्टकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही ते कळतं. मला ते कळायला दोन पावसाळे लागले. तुम्हाला एका रविवारी कळावं म्हणून हा लेख.

आधी थोडं शास्त्र

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. ७०० च्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश म्हणजे इन्फ्रारेड. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचं सिलिकॉन मात्र ११०० च्या आसपासपर्यंत बघू शकतं. ते जास्तीचं बघणं रंग बिघडवतं, म्हणून सेन्सरच्या पुढे इन्फ्रारेड अडवणारी एक काच बसवलेली असते. २००६ साली आलेल्या लायका एम८ मध्ये ही काच कमी पडली आणि काळे सिंथेटिक कपडे जांभळट दिसू लागले. शेवटी कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर दिले. तुमच्या कॅमेऱ्यात ती काच जागेवर आहे आणि मेनूत काहीही निवडलं तरी ती हलत नाही.

खऱ्या इन्फ्रारेडमध्ये झाडं पांढरी का दिसतात? पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खातं, पण ७०० च्या पलीकडचा प्रकाश त्याच्या कामाचा नसतो. तो पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटत राहतो आणि बराचसा परत बाहेर येतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी असे फोटो १९१० साली प्रसिद्ध केले, म्हणून याला वुड इफेक्ट म्हणतात. लाकडाशी काही संबंध नाही. भारताच्या १९८८ सालच्या आयआरएस-१ए उपग्रहापासून आपले उपग्रह पिकांची तब्येत बघतात तीही पानाच्या याच सवयीवर.

आकाशाचं कारण वेगळं. हवेचे कण निळा प्रकाश खूप विखुरतात. तरंगलांबी दुप्पट झाली की हे विखुरणं सोळा पटीने कमी होतं. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये निळ्या आकाशाकडून फारसं काही येतच नाही, ते काळं पडतं. जुन्या इन्फ्रारेड फोटोंत झाडांभोवती जी धूसर प्रभा दिसते, ती कोडॅकच्या एचआयई या फिल्मची करामत. त्या फिल्मच्या पाठीला प्रकाशाचं परावर्तन रोखणारा थर नव्हता, त्यामुळे उजळ भाग आजूबाजूला पसरायचे. ती फिल्म २००७ मध्ये बंद झाली.

मेनूतल्या इफेक्टला यातलं काही माहीत नाही. त्याच्या हातात प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा. त्या तिघांची बेरीज-वजाबाकी करून तो करड्या रंगाची एक छटा काढतो. बस.

कागदावरचा हिशोब

हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल, पण पाच मिनिटं दिलीत तर मैदानात अर्धा दिवस वाचेल.

समजा हिरव्याला दुप्पट वजन दिलं, निळा पूर्ण वजा केला आणि लाल सोडून दिला. पावसानंतरच्या गवताचे आकडे साधारण ११०, १५०, ५० असे असतात. दीडशेची दुप्पट तीनशे, वजा पन्नास, म्हणजे २५०. पांढराशुभ्र, कारण कमाल आकडा २५५. निळं आकाश ९०, १४०, २१० धरा. २८० वजा २१०, उरले ७०. गडद करडं. ढगाचे तिन्ही आकडे सारखे, २३०, तर तो २३० च राहतो. काळ्या आकाशात कापूस पिंजल्यासारखे ढग दिसतात ते असे.

आता खरी गंमत. आंब्याच्या जून पानाचे आकडे घ्या, ५०, ७५, ३५. उत्तर येतं ११५. करडं! खऱ्या इन्फ्रारेडमध्ये आंबा गवताइतकाच उजळ येतो, पण इथे तो रुसून बसतो. सोनकीच्या पिवळ्या फुलांचं उत्तर कमाल आकड्याच्या कितीतरी वर जातं, म्हणजे सोनकीने भरलेलं पठार हिरव्या गवतासकट एकच पांढरी चादर होतं. उलट कारवीची निळी-जांभळी फुलं गडद पडतात. आणि कोकणातला जांभा? त्याच्यात लाल जास्त. सूत्रात लाल वजा होत असेल तर जांभ्याचा सडा कोळशासारखा येतो.

प्रत्येक कॅमेऱ्याचं सूत्र थोडं वेगळं असणार. म्हणूनच पान-मग-छत्रीची चाचणी घरीच करायची, आणि शेजारी एक लाल वस्तू, एक निळी वस्तू आणि स्वतःचा हातही ठेवायचा. हात कशाला ते पुढे येईल.

पायरी पहिली: मेनूत शोधा

माझ्याकडे पेंटॅक्स के-५ आहे, २०१० चं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेला. त्यात ‘कस्टम इमेज’ उघडायचं, ‘मोनोक्रोम’ निवडायचं आणि आत ‘फिल्टर इफेक्ट’वर जायचं. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल वगैरे फिल्टरांची रांग ओलांडली की ‘इन्फ्रारेड कलर’ येतो. नावात कलर असला तरी फोटो कृष्णधवलच मिळतो, त्यामुळे गोंधळू नका. पेंटॅक्सच्या त्या पिढीतल्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये हे असंच आहे.

तुमच्या कॅमेऱ्यात नावाने इन्फ्रारेड नसेल तरी वाचणं थांबवू नका. मोनोक्रोममध्ये हिरवा फिल्टर जवळपास सगळे देतात. त्याने झाडोरा उजळतो, आकाश मात्र हवं तितकं गडद होत नाही. उरलेलं काम घरी करता येतं, ते शेवटी सांगतो. मोबाईलच्या ॲपमधले इन्फ्रारेड फिल्टर मी करून बघितलेत. ते आकाशात ठिगळं पाडतात. सवय म्हणून ठीक, छापायला नको.

पायरी दुसरी: रॉ आणि जेपेग दोन्ही

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, जेपेग म्हणजे त्यातून कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो. ही पायरी गाळू नका. मी गाळली होती. तिकोन्याच्या एका ट्रेकला कार्डवर जागा कमी म्हणून फक्त जेपेग ठेवलं, इफेक्ट लावला आणि विसरून गेलो. उतरल्यावर दरवाजापाशी आम्हा नऊ जणांचा ग्रुप फोटो काढला. आपल्या कातडीत लाल जास्त, हिरवा कमी. इफेक्टने लाल खाऊन टाकला आणि नऊच्या नऊ चेहरे काजळी फासल्यासारखे आले. मागचं गवत मात्र चांदण्यासारखं लख्ख. तो फोटो अजून आमच्या ग्रुपवर दर दिवाळीला फिरतो, ‘कोळसा खाणीतले कामगार’ म्हणून. जेपेगमध्ये मूळ रंग उरलेलेच नसतात, त्यामुळे काही करता आलं नाही.

खऱ्या इन्फ्रारेडमध्ये कातडी उलट मेणासारखी गोरी येते. चाचणीत हात ठेवा म्हटलं ते यासाठी.

रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवलं की पडद्यावर इफेक्ट दिसतो, कारण पडदा जेपेग दाखवतो, आणि रंगांची मूळ माहिती रॉमध्ये सुरक्षित राहते. घरी रॉ फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की फोटो रंगीत दिसेल. घाबरू नका, इफेक्ट पुसला गेलेला नाही, त्या सॉफ्टवेअरला तो कळतच नाही. के-५ मध्ये एक सोय आहे, रॉ फाइल कॅमेऱ्यातच पुन्हा डेव्हलप करता येते. म्हणजे गडावर रंगीत काढलेला फोटो एसटीत बसल्या बसल्या इन्फ्रारेड करून बघता येतो, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) बदलून पुन्हा करता येतो. शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही. परतीच्या प्रवासात मी झोपायचा बंद झालो.

पायरी तिसरी: दिवस निवडा

पावसाळ्यात सह्याद्री हिरवागार असतो म्हणून लोक जुलैत जातात. जुलैत आकाश कुठे असतं? राखाडी ढगांच्या छताला निळा रंग नाही, मग काळवंडवायला इफेक्टला काही मिळत नाही. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये धुकं.

मला सर्वांत चांगले फोटो मिळाले ते सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पाऊस ओसरल्यावर. धूळ बसलेली असते, आकाश धुतलेलं असतं, गवत अजून हिरवं असतं आणि दुपारी पांढरे ढग जमतात. मावळातली भाताची खाचरंही तेव्हा हिरवी किंवा पोपटी असतात. नोव्हेंबरात गवत पिवळं पडायला लागतं. त्याचंही उत्तर आकड्यांत उजळच येतं, पण झाडं, गवत, माती यांतला फरक पुसट होतो. डिसेंबरनंतर धुरकट. मे महिन्यात घरी बसा किंवा माडाच्या बागेत जा.

वेळ सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी साडेतीननंतरची. सूर्य पाठीशी किंवा बाजूला हवा. अगदी संध्याकाळच्या सोनेरी उन्हात गवत पिवळं-नारिंगी होतं, म्हणजे लाल वाढतो, आणि इफेक्टचा जोर जातो. एरवी जी वेळ आपण निसर्गचित्रांसाठी जपतो तीच इथे कुचकामी, हे मला सुरुवातीला पचलं नव्हतं.

एक अपवाद. सूर्य समोर असताना पानातून आरपार येणारं ऊन टिपलं तर पान आतून पेटल्यासारखं पोपटी दिसतं. इफेक्टमध्ये ते सगळ्यांत उजळ येतं. केळीच्या पानावर हे करून बघा, शिरांसकट.

पायरी चौथी: चौकटीत काळं काय आहे ते आधी बघा

नवखा माणूस हिरवळ शोधत जातो. मीही गेलो. पण सगळंच हिरवं असेल तर फोटो नुसत्या दहीभातासारखा दिसतो. त्याला फोडणी हवी. आपल्याकडे ती फोडणी फुकट मिळते. ती म्हणजे बेसॉल्ट. काळा कातळ, तटबंदी, दरवाजे, लेण्यांची तोंडं, कड्यांचे आडवे थर, हे सगळं गडद राहतं आणि त्याच्या भोवतीचं गवत पांढरं होतं. भंडारदऱ्याजवळ रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर आहे. काळ्या दगडाचं शिखर आणि मागे झाडी, या इफेक्टसाठी त्याच्यासारखा धडा नाही.

पाण्याचं गणित लक्षात ठेवा. खऱ्या इन्फ्रारेडमध्ये शांत पाणी काळं येतं, कारण पाणी तो प्रकाश शोषतं आणि वरचं आकाशही काळंच असतं. इफेक्टमध्ये पाणी ज्या रंगाचं दिसतं तसं येतं. निळं आकाश झळकत असेल तर गडद, पावसातलं गढूळ तांबडं असेल तर मधलं कंटाळवाणं करडं. म्हणजे पवना धरण ऑगस्टमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरंच.

आणि दूरचे डोंगर. खरं इन्फ्रारेड हवेतला निळसर धुरकटपणा बऱ्यापैकी भेदतं आणि मागच्या रांगा कोरल्यासारख्या बाहेर येतात. इफेक्टमध्ये ते होत नाही. जे सेन्सरला दिसलंच नाही ते बेरीज-वजाबाकीने कुठून येणार? दूरची निळसर रांग फक्त गडद होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे ते दुरून नुसते करडे. म्हणून चौकटीचा जीव जवळच्या शे-दोनशे मीटरमध्ये ठेवा.

झाडांत निवड करा. गवत, भात, केळ, सागाची नवी पानं, बांबू हे छान उजळतात. आंबा, जांभूळ, फणस यांची जून पानं करडी राहतात. पण या दोन गटांना शेजारी शेजारी आणलंत तर करडं झाड पांढऱ्या गवतात उठून दिसतं, आणि हे खऱ्या इन्फ्रारेडला जमत नाही. मला तर हा इफेक्टचा दोष न वाटता त्याची खासियत वाटते.

पायरी पाचवी: पोलरायझर

एकच फिल्टर विकत घ्यायचा असेल तर सर्क्युलर पोलरायझर घ्या, म्हणजे लेन्सपुढे फिरवून चमक कापणारी काच. आकाश गडद होतं हे सगळ्यांना माहीत असतं. पानांवर तो काय करतो ते फारसं कुणी सांगत नाही. पानाच्या गुळगुळीत पाठीवर आकाशाची निळसर-पांढरी चमक असते. ती चमक म्हणजे निळा आकडा, आणि तो वजा होणार. म्हणजे ओलं, चकचकीत पान इफेक्टमध्ये डागाळल्यासारखं करडं येतं. पोलरायझर फिरवून ती झिलई काढली की खालचा हिरवा उघडा पडतो आणि पान उजळतं. माडाच्या झावळ्यांवर हा फरक इतका आहे की दोन फोटो शेजारी ठेवले तर वेगळ्या दिवशी काढलेत असं वाटतं.

आकाशावर त्याचा जोर सूर्यापासून काटकोनात सर्वांत जास्त. तिकोन्याच्या माथ्यावरून सकाळी बघितलं तर सूर्य पूर्वेला, आणि लोहगड-विसापूरची जोडी साधारण उत्तरेला. तिकडे आकाश छान काळवंडतं. पश्चिमेला पवनेच्या पाण्यापलीकडे तुंग दिसतो. तिकडे सूर्य पाठीशी येतो, पोलरायझर थंड पडतो, पण गवतावर ऊन थेट पडतं. मी आधी उत्तर करतो, मग पश्चिम.

लेन्स फार वाइड असेल तर जपून. पोलरायझरने आकाशात एका बाजूला गडद पट्टा पडतो. रंगीत फोटोत तो खपून जातो, इफेक्ट त्याचा डाग करून ठेवतो. किट लेन्स १८ ऐवजी २४ मिलिमीटरच्या पुढे ठेवली की सहसा निभावतं.

पायरी सहावी: एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर मूळ दृश्यावर चालतो, इफेक्ट नंतर लागतो. मीटरला गवत मध्यम वाटतं आणि मग इफेक्ट ते ढकलून पांढऱ्याच्या पार नेतो. म्हणून एक्स्पोजरची भरपाई (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे ०.७ वर ठेवून सुरुवात करा, भर उन्हात उणे १. गवताच्या पात्यांत तपशील दिसला पाहिजे. नुसती पांढरी पाटी दिसली तर आणखी उतरवा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नका.

ऑक्टोबरच्या सकाळी, पोलरायझर लावून, माझे आकडे बहुतेक वेळा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग असे येतात. सुरुवात म्हणून तिथूनच करा.

आयएसओ कमीत कमी ठेवा. हिरव्याची दुप्पट करताना त्यातला दाणाही (फोटोतला खरखरीतपणा) दुप्पट होतो, आणि निळा वजा केला म्हणून निळ्यातला दाणा वजा होत नाही, तो भर घालतो. सगळं भोगतं ते आकाश. आयएसओ ८०० ला रंगीत फोटोत जे आकाश स्वच्छ दिसतं, ते इफेक्टमध्ये रवा सांडल्यासारखं दिसतं. जेपेगची प्रत सर्वोच्च ठेवा, नाहीतर आकाशात चौकोनी ठिगळं पडतात.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कृष्णधवल फोटोला कसला व्हाइट बॅलन्स, असं वाटतं ना? पण आकड्यांची बेरीज व्हाइट बॅलन्स लागल्यानंतर होते. ऑटोवर एका फ्रेममध्ये गवत पांढरं, कॅमेरा जरा वळवला की करडं, असं होतं. डेलाइटवर पक्कं करा. मग प्रयोग म्हणून एकदा टंगस्टन लावा. सगळ्यात निळा मिसळला जातो आणि आकाश आणखी खोल जातं, गवताची चमक थोडी उतरते. कधी कधी तेच हवं असतं.

कॉन्ट्रास्ट कॅमेऱ्यात वाढवू नका. इफेक्ट स्वतःच पुरेसा भांडखोर आहे.

घरी आल्यावर

ज्यांच्या कॅमेऱ्यात हा इफेक्ट नाही त्यांच्यासाठी हा भाग मुख्य आहे, आणि ज्यांच्यात आहे त्यांनाही शेवटी इथेच यावं लागतं.

गिंप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. रंगांच्या मेनूत डिसॅच्युरेट, आणि त्यात मोनो मिक्सर. तीन पट्ट्या मिळतात. आधी लाल ०, हिरवा २, निळा उणे १ ठेवा. वरच्या हिशोबातलं सूत्र तेच. तिघांची बेरीज १ राहिली की पांढरे ढग पांढरेच राहतात, हा एकच नियम. मग लाल उणे ०.७, हिरवा २, निळा उणे ०.३ करून बघा. आकाश हलकं होईल, दगड आणि माती गडद होतील. कड्याच्या फोटोला हे दुसरं बरं, ढगांच्या फोटोला पहिलं. आकाशात दाणा फार दिसायला लागला तर निळा उणे अर्ध्यावर आणा आणि हिरवा दीडवर, म्हणजे बेरीज जुळते.

एचआयई फिल्मसारखी प्रभा हवी असेल तर फोटोच्या थराची (लेयरची) एक प्रत करा, तिच्यावर गॉशियन ब्लर मारा आणि तिचा मोड स्क्रीन करून अपारदर्शकता वीस-पंचवीस टक्क्यांवर आणा. सोळा मेगापिक्सेलच्या फोटोला मी ब्लर ३० पिक्सेलपासून सुरू करतो. प्रभा फक्त उजळ भागांभोवती दिसली पाहिजे. दगडही धूसर व्हायला लागला की जास्त झालं. या टप्प्यावर हात आखडता घेणं अवघड जातं, मान्य आहे. रात्रभर फोटो तसाच ठेवा आणि सकाळी चहा घेताना पुन्हा बघा. निम्म्या वेळा मी प्रभा अर्धी करतो.

फोटो कुठे टाकलात तर खाली ‘इन्फ्रारेड इफेक्ट’ लिहा, नुसतं ‘इन्फ्रारेड’ नको. जाणकाराला गवतात पडलेली हिरवी ताडपत्री पांढरी दिसली की तो हसतोच.

खऱ्याची चव घ्यायची असेल तर

कॅमेरा न उघडताही थोडं खरं इन्फ्रारेड मिळतं. सेन्सरपुढची काच बहुतेक इन्फ्रारेड अडवते, सगळं नाही. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे धरा, लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट दृश्य) चालू करा आणि रिमोटचं बटण दाबा. टोकाला ठिपका लुकलुकताना दिसला तर तुमची काच थोडी सैल आहे. काहीच दिसलं नाही तर अंधाऱ्या खोलीत दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर देऊन पुन्हा बघा. रिमोट साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश फेकतो, त्यामुळे ही परीक्षा कडकच आहे. इथे नापास झालेला कॅमेरा ७२० ला काठावर पास होऊ शकतो.

त्यासाठी होया आर७२ सारखा फिल्टर लागतो, जो ७२० नॅनोमीटरच्या खालचा बहुतेक सगळा प्रकाश अडवतो. डोळ्याला तो जवळजवळ काळा दिसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, चौकट ठरवा, फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका आणि मगच फिल्टर लावा, कारण लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसत नाही. आयएसओ २००, एफ ८ आणि भर उन्हातही अनेक सेकंद, काही कॅमेऱ्यांत मिनिटभर. व्ह्यूफाइंडरवर कापड टाका, नाहीतर मागून प्रकाश शिरतो. इन्फ्रारेड थोडं वेगळ्या ठिकाणी फोकस होतं. जुन्या मॅन्युअल लेन्सवर त्यासाठी लाल खूण असते, ती नसेल तर एफ ११ पर्यंत जा. आलेला फोटो लालभडक असेल. तो मोनोक्रोम करायचा.

वारा असलेला दिवस टाळा. इतक्या लांब एक्स्पोजरमध्ये गवत धुरासारखं होतं. आणि निघताना पिशवीत मग आणि छत्री टाका. ट्रायपॉड न हलवता, गवतात त्या दोन वस्तू ठेवून, आधी इफेक्टचा फोटो काढा आणि मग आर७२ चा. माझ्याकडच्या जोडीत मग दोन्हीकडे पांढरा आला. छत्री मात्र दुसऱ्या फोटोत गवताच्या जवळपास पोचलीय, आणि तिच्या काड्या कापडापेक्षा काळ्या दिसतायत.